रुमालाखालची चार बोटं

"धरा, श्रीमंतराव. लाजू नका, लगीन न्हाई लावून राहिलो तुमचं," असं म्हणत महादेवप्पानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि दोघांच्या हातांवर टाकला.

आजूबाजूचे चार-पाच जण हसले आणि हसता हसताच त्यांनी नजरा दुसरीकडं वळवल्या. हाळीच्या बैलबाजारातली ही जुनी रीत. जनावराची किंमत तोंडानं बोलायची नसते. विकणाऱ्यानं रुमालाखाली दलालाची बोटं धरायची. जितकी बोटं, तितका आकडा. मग दलाल तोच रुमाल घेऊन घेणाऱ्याकडं जातो, त्याच्याशीही बोटांनीच घासाघीस करतो आणि सौदा बसला की बैलाच्या पाठीवर थाप मारतो. एकदा थाप पडली की देव आला तरी सौदा फिरत नाही. ह्या सगळ्यात कागद नाही, साक्षीदार नाही. आहे ते दलालाचं इमान. आणि उदगीरच्या महादेवप्पाचं इमान असं, की देगलूरकडचे व्यापारी "अप्पा हाय ना? मग बास," म्हणून खुशाल चहा प्यायला निघून जायचे. सत्तावीस वर्षांत त्याच्या रुमालाखालचा आकडा कधी इकडचा तिकडं झाला नव्हता.

श्रीमंत मुरुडकडचा शेतकरी. साठी ओलांडलेला, अंगानं काटक, बोलायला कमी. देवणी जातीची खोंडं घ्यायची, लेकरासारखी वाढवायची, कामाला शिकवायची आणि दोन-तीन वर्षांनी हाळीत आणून विकायची, हा त्याचा नाद. त्या दिवशीची त्याची जोडी बघायला लोक थांबत होते. महादेवप्पानं एका बैलाचा जबडा उघडून दात बघितले. "सहादाती. ऐन भरात हायेत," तो म्हणाला.

लाख तर दोघांनीही धरलेलाच होता. वर दहा-दहा हजारांची किती बोटं, एवढंच सांगायचं होतं. श्रीमंतनं रुमालाखाली बोटं धरली, दाबली आणि सोडली.

महादेवप्पाला ती तीन वाटली.

"कळलं," तो म्हणाला आणि वीरेशकडं गेला. वीरेश देगलूरचा व्यापारी, चिवट माणूस. तासभर ओढाताण झाली. शेवटी तो तिनावर आला तशी महादेवप्पानं दोन्ही बैलांच्या पाठीवर थाप मारली. वीरेशनं नोटा मोजून दिल्या. श्रीमंतनं त्या हातात घेतल्या, परत मोजल्या आणि तो महादेवप्पाच्या तोंडाकडं बघत राहिला.

"अप्पा, म्या चार धरली हुती."

"तीन," महादेवप्पा म्हणाला.

"न्हाई अप्पा. चार. घरून निघतानाच मनात चार हुती."

"मनात असतील हो. हातात तीन आली." महादेवप्पा अजून हसतच होता. पण लोक जमायला लागले, तसं त्याचं हसू गेलं. "श्रीमंतराव, सत्तावीस वर्सं झाली मला ह्या झाडाखाली. आजपतुर कोन्या माणसानं माझ्या बोटावर शक घेतला का? इचारा ह्या लोकायला."

लोकांना विचारायची गरजच नव्हती. "अप्पा चुकत नसतेत," कुणीतरी म्हणालं. "म्हातारपण हाय, व्हतंय आसं," दुसरा म्हणाला. तिसरा तर फिदीफिदी हसून म्हणाला, "मामा, चौथं बोट घरी इसरून आला का?"

श्रीमंतनं आपला उजवा हात वर करून डोळ्यांसमोर धरला. बोटं मिटली, उघडली. एखादं हत्यार बिघडलंय का बघावं, तसा तो हाताकडं बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, "मंग माझीच चुकली असतील, अप्पा. तुम्ही कशाला चुकताव."

त्यानं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा सोडल्या. माळा विकणाऱ्यानं परत न्यायच्या असतात. एरवी तो निघताना महादेवप्पाला रामराम घालायचा. त्या दिवशी घालायचा विसरला.

महादेवप्पा उदगीरला घरी पोचला तेव्हा नीलम्मा दारात गहू निवडत बसली होती. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडाकडं आणि मग पायांकडं बघितलं.

"अय्या! एक पाय बाजारात ठिवून आलाव का काय?"

महादेवप्पानं खाली बघितलं. उजव्या पायात चप्पल नव्हती. बाजारातून रस्त्यापर्यंत चालत, तिथून जीपमधून उदगीर, स्टँडवरून परत चालत घर. एवढ्या सगळ्या वाटेत चप्पल नक्की कुठं निसटली, हे त्याला सांगता येईना.

"जीपमदी गर्दी लई हुती," तो म्हणाला.

"गर्दीत खिसा कापतेत म्हनून ऐकलं हुतं," नीलम्मा म्हणाली, पण हसली नाही. ती उठली, त्याच्या पायाशी बसली आणि तळवा उचलून बघितला. टाचेत एक काटा अर्धा रुतून बसला होता. तिनं तो ओढून काढला. महादेवप्पा तेव्हा वीरेशनं किती ताणलं ते सांगत होता. त्याच्या बोलण्यात खंडसुद्धा पडला नाही.

साखर त्याला आठ वर्षांपासून होती. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून होती. त्याच्या मते ती असून नसल्यासारखीच. गोळ्या तो आठवण झाली की घ्यायचा आणि बाजारच्या दिवशी गुळाचा चहा आठ-दहा वेळा प्यायचा. 'आपल्याला काय धाड भरली,' हे त्याचं ठरलेलं बोलणं. आणि नीलम्माचंही उत्तर ठरलेलं होतं, "धाड सांगून येत नसती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पूजेला बसला. आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं आणि त्याच्याकडं बघत बसायचं. लहानपणी वडिलांनी शिकवल्यापासून एक दिवस चुकला नव्हता. गेल्या वर्षभरात मात्र ह्या पूजेत काहीतरी निराळंच घडत होतं. लिंग तळहातावर ठेवलं की पूर्वी त्याचा गारवा लागायचा, इवलासा का होईना भार कळायचा. आता काहीच कळत नसे. हात नाहीच, नुसतं लिंग अधांतरी आहे, असं वाटायचं. महादेवप्पाला त्याचा आतून फार आनंद झाला होता. आपलं ध्यान लागायला लागलं, देहभान जायला लागलं! मठातल्या अय्यांनाही त्यानं हे हळूच सांगितलं होतं, आणि अय्या म्हणाले होते, "भाग्य लागतंय, महादेवप्पा." आता ह्याला काय म्हणावं? माणसाला वाटतं देव जवळ आला, आणि जात असतं ते शरीर.

नीलम्मा निरांजन घेऊन आली. त्याच्या उजव्या हाताजवळ धुपाटणं होतं आणि त्याचा अंगठा धुपाटण्याच्या तापलेल्या कडेला टेकलेला होता. कातडी पांढरी पडून फुगत होती. महादेवप्पा डोळे मिटून शांत बसला होता.

तिनं किंचाळून त्याचा हात ओढला. "अवो, भाजून राहिलं की!"

"काय भाजून राहिलं?" त्यानं विचारलं.

त्याच दिवशी तिनं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुग्धा म्हणजे मंजुश्रीच्या, त्यांच्या मुलीच्या, वयाची पोर. तिनं आधी त्याचे हात, पाय, तळवे असं सगळं तपासलं आणि मग म्हणाली, "काका, डोळे मिटा. मी बोटांना हा दोरा लावणार. लागला की 'हो' म्हणायचं."

महादेवप्पानं डोळे मिटले. बराच वेळ गेला. बाहेर कुणाचं तरी लेकरू रडत होतं, ते ऐकत तो वाट बघत राहिला. शेवटी म्हणाला, "करा की सुरू, म्याडम."

"झालं, काका," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. नीलम्मा भिंतीकडं तोंड करून उभी होती.

डॉक्टरीण चांगली होती, तिनं घाबरवलं नाही. साखरेनं नसा मेल्या की असं होतं, आधी पायांचं जातं, मग बोटांचं. गेलेलं परत येईलच असं नाही, पण आहे ते सांभाळता येतं. रोज रात्री पाय बघायचे, अनवाणी चालायचं नाही, पट्ट्याची चप्पल घालायची, गोळ्या वेळेवर. "पन्नाशीनंतर शरीराकडं लक्ष द्यायला लागतं, काका. तुमचं वय काय?"

"बावन्न," तो म्हणाला. हजारो बैलांचं वय त्यानं जबडा उघडून सांगितलं होतं. स्वतःचं सांगताना पहिल्यांदाच त्याची जीभ अडखळली.

दवाखान्याच्या पायरीवर तो बसला तो उठेचना. नीलम्माला वाटलं, चक्कर आली. तो म्हणाला, "नीला, त्यानं चारच धरली हुती गं."

"कुनी?"

"श्रीमंतरावानं. अन् म्या चार लोकांत त्याला खोटं पाडलं."

नीलम्मा त्याच्या शेजारी पायरीवर बसली. बाजारातली हकीकत तिला तेव्हा कळली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग जे म्हणाली ते कुठलीही बायको म्हणेल तेच म्हणाली. "आता ह्ये कुनाला सांगू नका. पाठ धरली म्हना, आन् बाजार सोडा. आपन सरकी पेंडीचं दुकान टाकू. तुमच्या नावावर चालंल." सत्तावीस वर्षांचं नाव एका वाक्यात धुळीला मिळवायचं, ते कशासाठी? महादेवप्पालाही ते पटलं. खरं सांगायचं तर, सुटका झाल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला आणि नीलम्माच्या पुढं हात केला. "धर."

"इश्श! हे काय आता?"

"धर गं. किती धरली ते सांगतो मी. बघू तरी."

अठ्ठावीस वर्षं संसार झाला, पण ह्या रुमालाखाली तिनं कधी हात घातला नव्हता. हजार माणसांनी धरलेली ती बोटं तिनं चाचपली आणि धरली. महादेवप्पानं मान तिरकी करून नीट लक्ष दिलं. "दोन," तो म्हणाला.

"बराबर," नीलम्मा म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "परत धर. ... ह्या बारीला तीन."

"बराबर."

"आता एक!"

"बराबर वो. डॉक्टरीण काय, पोरगी हाय लहान. तिला काय कळतंय." पण हे म्हणताना ती खाली मांडीकडं बघत होती. महादेवप्पानं रुमाल उचलला. नीलम्माचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. तिनं हात कधी काढून घेतला, हे त्याला कळलंच नव्हतं.

नीलम्मानं पदर तोंडाला लावला. महादेवप्पानं तो रुमाल घडी घालून उशाखाली ठेवला, आणि एवढं मात्र त्याला मनातून कळलं, की हे रडणं आपल्यासाठी आहे आणि खोटं बोलणंही.

अंगठा बरा होईस्तोवर दोन बाजार चुकले; तिसऱ्या बाजारला तो गेला तो पाठ धरल्याचं सांगायलाच. तशी बातमी हळूहळू पेरायची आणि महिन्याभरात बाहेर पडायचं, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. झाडाखाली टेकतो न टेकतो तोच मुरुडचा एक ओळखीचा माणूस आला.

"अप्पा, त्या श्रीमंतरावाचं आयकलं का? पोरानं सगळा कारभार काढून घेतला म्हाताऱ्याकडून. बाजार बंद, बँक बंद, आता खोंडं बी न्हाई घ्यायची म्हनला. म्हातारं इसरून राहिलं म्हनतेत. त्या दिवशी हितंच न्हाई का, तीन बोटं धरून चार म्हनून बसलं!"

"त्ये काय म्हनतेत?" महादेवप्पानं विचारलं. "श्रीमंतराव?"

"काय म्हनतेल? गप बसून ऱ्हातेत. बोटं मोजतेत म्हनं दिसभर."

महादेवप्पानं त्या दिवशी पाठीचं कुणाला सांगितलं नाही. एकही सौदा न करता तो घरी आला आणि नीलम्माला म्हणाला, "उद्या धपाटे बांधून दे. मुरुडला जायचंय."

"दुकानाचं मंग?" तिनं विचारलं.

"कशाच्या नावावर टाकू दुकान, नीला?"

पहाटे तिनं धपाटे बांधून दिले, गोळ्यांची पुडी खिशात घातली आणि नवे पट्ट्याचे सँडल त्याच्या पायात चढवून पट्टे स्वतः आवळले. "शाळंत चाललो काय मी?" महादेवप्पा कुरकुरला. "चालला तर चालला," ती म्हणाली. "घरी येताना दोनी पाय आना म्हंजे झालं."

उदगीरहून लातूर, लातूरला गाडी बदलून मुरुड, तिथून एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवर वस्ती. अर्धा दिवस गेला. वाटेत त्यानं सांगायचं काय ते पन्नास वेळा मनात जुळवलं. श्रीमंत अंगणात बाजेवर बसला होता. समोरच्या गोठ्यात एकही जनावर नव्हतं. रिकाम्या गोठ्याच्या खुंटीला त्या दोन घुंगरमाळा टांगलेल्या होत्या.

महादेवप्पाला बघून तो चपापून उठला. "अप्पा? तुम्ही? आन् हितं?" आणि लगेच, घाईघाईनं, "त्या दिवशी माझं चुकलंच हुतं. म्या घरी येऊन सांगितलं पोराला तसं."

आत आवाज ऐकून त्याचा मुलगा सोमेश बाहेर आला. महादेवप्पा जुळवलेलं सगळं विसरला. तो उभ्या उभ्याच म्हणाला, "श्रीमंतराव, तुमचं चुकलं न्हाई. तुम्ही चारच धरली हुती. माझी बोटं मेलीत. साखरंनं. मला कळंना झालंय." त्यानं अंगठ्यावरची भाजल्याची खूण दाखवली, खिशातून पाकीट काढून बाजेवर ठेवलं. "आन् ह्ये वरचे दहा हजार. तुमचेच हायेत."

श्रीमंत पाकिटाकडं बघेना. तो महादेवप्पाच्या हाताकडं बघत होता.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "तीन आठवडे झाले अप्पा, मी रातीला उठून बोटं मोजून राहिलो. मला वाटलं, माझं डोस्कं चाललं. माझा बाप आसाच गेला, लेकरायची नावं इसरून. मी सोमेशला म्हनलं, बाबा, आता तूच बघ सगळं, माझा काय भरवसा. अन् तुम्ही..."

सोमेश मान खाली घालून उभा होता. महादेवप्पानं हात जोडले.

"तुम्हाला त्या दिशी ठावं हुतं का?" श्रीमंतनं एकदम विचारलं.

"न्हाई. शपथ घेतो."

"मंग मला खोटं पाडताना एकदा तरी वाटायचं हुतं, की आपलं बी चुकू शकतंय."

दवाखान्यात महादेवप्पाच्या बोटांना दोरा लागला नव्हता, पण हे मात्र बरोबर लागलं.

श्रीमंतनं पाकीट उचललं आणि परत त्याच्या हातात दिलं. "ह्ये ठिवा. हितं, माझ्या अंगनात येऊन काय सांगताव? बाजारात पाडलं मला खोटं. बाजारात सांगा. मंग घेतो." आणि मग, पाहुणा दारात आलाय हे आठवून, आत बघून म्हणाला, "आगं, चहा टाका. बिनसाखरंचा."

पुढच्या बाजारच्या दिवशी महादेवप्पा झाडाखाली आला तेव्हा नीलम्मा त्याच्या बरोबर होती. बैलबाजारात बाया क्वचितच येतात. ती आली आणि सरळ मागच्या दगडावर जाऊन बसली. तिला कुणी काही विचारलं नाही. श्रीमंत आणि सोमेशही आले होते, थोडे दूर उभे होते. वीरेश होता, त्या दिवशी फिदीफिदी हसलेला तो माणूसही होता.

महादेवप्पानं रुमाल हवेत झटकला. लोकांना वाटलं मोठा सौदा आहे, म्हणून ते जमले.

"आयका रे," तो म्हणाला. "मागं श्रीमंतरावाच्या जोडीचा सौदा म्या केला. त्यांनी चार धरली हुती. म्या तिनाला दिली. चूक माझी हुती, त्यांची न्हाई. माझ्या बोटाला कळत न्हाई आता."

वीरेश हसला. "अप्पा, तुम्ही लई मोठे मनाचे. म्हाताऱ्याची इज्जत ठिवायला आपल्या डोक्यावर घेऊन राहिलाव."

"हाव, हाव," लोक म्हणाले. "अप्पांचं मनच तसं."

आता घ्या! माणूस चुकीचं बोलला तेव्हा सगळ्यांनी खरं मानलं, आणि खरं बोलायला लागला तर कुणी मानायला तयार नाही. श्रीमंतच्या चेहऱ्यावर आलेली उभारी परत विझायला लागली. उलट लोक आता त्याच्याकडं दयेनं बघत होते, आणि दया ही त्या दिवशीच्या हसण्यापेक्षाही वाईट होती. महादेवप्पानं मागं वळून नीलम्माकडं बघितलं. तिनं मान हलवली.

"वीरेश, ये हिकडं," तो म्हणाला. त्यानं हात पुढं केला आणि त्यावर रुमाल टाकला. "धर."

वीरेशनं गंमत म्हणून धरली.

"दोन?"

रुमाल उचलला. पूर्ण पंजा धरलेला होता. लोक हसले. "अप्पा, नाटक नका करू!"

"तू ये," महादेवप्पा दुसऱ्याला म्हणाला. "तीन?" एक होतं. "तू ये. चार?" दोन होती. "तू." चुकलं. "तू." चुकलं. पाचव्या-सहाव्या माणसानंतर हसणं थांबलं. सातव्यानं तर जाणूनबुजून सोपं केलं, नुसती करंगळी जोरात दाबली. महादेवप्पा विचार करून म्हणाला, "तीन." त्या माणसानं रुमाल उचललाच नाही. "ऱ्हाऊ द्या, अप्पा," तो म्हणाला, "बास झालं."

"न्हाई, उचल."

त्यानं उचलला. सत्तावीस वर्षं ज्या बोटांवर बाजारानं डोळे मिटून भरवसा ठेवला, ती बोटं सगळ्यांनी बघितली. त्या दिवशी हसलेल्या माणसानं डोक्यावरची टोपी काढली आणि ती उगीचच हातात फिरवत राहिला. लांब कुठंतरी एक खोंड हंबरत होतं.

"दादा," सोमेश बापाला हळूच म्हणाला, "चला." पण श्रीमंतनं त्याचा हात बाजूला केला आणि गर्दीतून वाट काढत तो झाडाखाली आला. महादेवप्पासमोर उभा राहिला. खाली पडायला आलेला रुमाल त्यानं उचलला, नीट झटकला आणि रीतीप्रमाणं दोघांच्या हातांवर टाकला.

"सांगा, अप्पा," तो म्हणाला. "किती?"

रुमालाखाली काही होतंय का, हे महादेवप्पाला कळत नव्हतं. त्यानं श्रीमंतच्या डोळ्यांत बघितलं.

"चार," तो म्हणाला.

श्रीमंतनं स्वतःच रुमाल काढून खांद्यावर टाकला. चारच होती. त्यानं ती सोडली नाहीत. हात तसाच वर उचलून मागं उभ्या असलेल्यांनाही दिसेल असा धरला, सोमेशलाही दाखवला. "चारच हुती," तो मोठ्यानं म्हणाला. एवढ्या मोठ्यानं तो बाजारात कधी बोलला नव्हता.

"हाव," महादेवप्पा म्हणाला. "चारच."

लोक पांगले. नीलम्मानं येऊन दहा हजारांचं पाकीट सोमेशकडं दिलं आणि श्रीमंतनं ते घेऊ दिलं. श्रीमंत मात्र तिथंच उभा राहिला, कारण दोघांनाही पुढं काय करायचं ते सुचत नव्हतं. महादेवप्पानं खाली नजर टाकली, तेव्हा त्याची बोटं अजून श्रीमंतच्या मुठीतच होती. कुणीतरी आपला हात धरलाय, हे आता त्याला असं बघूनच कळायचं होतं. म्हणून तो बघत राहिला.